फाइलमधली ओळ नक्की कुठे संपते? काट्याच्या ४१२ खेपा आणि एक न दिसणारं अक्षर

काटापावती
सोमवार, रात्री १०.५२

नमस्कार मंडळी,

गाळप हंगाम ऐन भरात आहे आणि माझे तीन दिवस एका न दिसणाऱ्या अक्षरापायी गेले. प्रश्न सुटलाय, पण अर्धाच. ज्यांना रोज टेक्स्ट फाइली वाचाव्या-लिहाव्या लागतात त्यांच्याशी बोलावं म्हणून सविस्तर लिहितो.

काम असं आहे. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर विंडोजचा जुना संगणक आहे. भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, वजन होतं, केनयार्डात रिकामी होऊन परत येते, पुन्हा वजन होतं आणि फाइलमध्ये एक ओळ पडते: पावती क्रमांक, शेतकऱ्याचा कोड, गाव, निव्वळ वजन आणि सगळ्यात शेवटी उसाची जात. रात्री दिवसाची फाइल बंद होते आणि आमच्या होटगी रोडच्या ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरवर येते. तिथे माझा पायथनचा प्रोग्राम ती वाचतो, जात तक्त्यातल्या जातीशी जुळवतो आणि शेतकऱ्याच्या खात्यावर टनेज चढवतो.

शुक्रवारच्या फाइलमध्ये ४१२ खेपा होत्या. त्यातल्या ४११ ओळींसमोर 'जात सापडली नाही' असं आलं. जुळली ती फक्त शेवटची ओळ. तक्त्यात ८६०३२ आहे, फाइलमध्येही ८६०३२ आहे, पडद्यावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तिळमात्र फरक नाही. पण प्रोग्राम म्हणतो हे दोन वेगळे आहेत.

दोन गोष्टींनी मला योग्य वाटेवर आणलं. एक म्हणजे लांबी. तक्त्यातला आकडा पाच अक्षरांचा, फाइलमधला सहा. दुसरी म्हणजे, अक्षरं कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते दिसावं म्हणून मी तो आकडा चौकोनी कंसात छापला. अपेक्षा होती [८६०३२] अशी. पडद्यावर आलं ]८६०३२. बंद करायचा कंस सुरुवातीला येऊन बसला आणि उघडायचा कंस गायब. मी ती ओळ पाच मिनिटं नुसती बघत बसलो होतो.

मग रेपर (न दिसणारी अक्षरंही उघड करून दाखवणारं पायथनचं फंक्शन) लावून छापलं आणि कळलं. आकड्याच्या मागे सीआर चिकटलेला होता. (इथे लिहायच्या चौकटीत उलटी तिरपी रेघ टिकत नाही, म्हणून सीआर म्हणजे कॅरेज रिटर्न, १३ क्रमांकाचं अक्षर, आणि एलएफ म्हणजे लाइन फीड, १० क्रमांकाचं, असं शब्दांतच लिहितोय.) विंडोजवर ओळ संपताना सीआर आणि एलएफ अशी दोन अक्षरं पडतात. लिनक्सवर एकटा एलएफ. गुरुवारी मी प्रोग्राममध्ये एक बदल केला होता. गावांच्या नावांत मधेच खराब बाइट येत होते, म्हणून फाइल बायनरी मोडमध्ये, म्हणजे नुसते बाइट म्हणून, उघडून त्यांची अक्षरं स्वतः करायला (डीकोड) लागलो आणि एलएफ दिसेल तिथे तोडलं (स्प्लिट). एलएफ गेला, सीआर राहिला, तो ओळीतल्या शेवटच्या रकान्याला चिकटला. शेवटच्या ओळीनंतर काटावाल्या प्रोग्रामने ओळतोड टाकलेलीच नव्हती, म्हणून ती एकटी जुळली.

आधी हे का होत नव्हतं, तर पायथन फाइल साध्या टेक्स्ट मोडमध्ये उघडली की सीआर-एलएफ, एकटा सीआर, एकटा एलएफ या तिन्हींचा तो स्वतःहून एलएफ करून देतो. बायनरीत गेल्यावर ही सोय मीच बंद केली.

आता राहिलेला अर्धा प्रश्न. पैसे वर्ग करण्यासाठी मी बँकेला जी फाइल लिहून देतो ती परत आली. कारण एवढंच दिलंय: 'नोंदीची लांबी चुकीची'. माझी प्रत्येक ओळ मोजून १२० अक्षरांची आहे. कुणाला काही सुचतंय का?

सर्व्हर_रात्रपाळी
सोमवार, रात्री ११.२०

दादा, यासाठी एवढा त्रास कशाला? फाइल सर्व्हरवर आली की पहिल्यांदा डॉस-टू-युनिक्स चालवायचं, ते सगळे सीआर-एलएफ बदलून नुसते एलएफ करतं, मग प्रोग्रामला द्यायची. एका कमांडचं काम आहे.

आणि संशय आला की 'फाइल' ही कमांड चालवून बघत जा, ती थेट सांगते की ओळी सीआर-एलएफने संपतात. फाइल पडद्यावर दाखवणाऱ्या 'कॅट' कमांडला मोठा ए लावला की प्रत्येक ओळीच्या शेवटी ^एम आणि डॉलर दिसतो. एम हे इंग्रजी मुळाक्षरांतलं तेरावं अक्षर, म्हणून १३ क्रमांकाचं अक्षर ^एम असं दाखवतात. 'जे' हे अक्षर दहावं, म्हणून एलएफ म्हणजे ^जे.

जुना_टेलिप्रिंटर
मंगळवार, सकाळी ६.४५

काटापावती, तुमचा कंस कुठे गेला ते मी सांगतो. मी वर्तमानपत्राच्या कचेरीत टेलिप्रिंटरवर काम केलं आहे, आणि तुम्ही जे पडद्यावर पाहिलं ते मी कागदावर रोज पाहत होतो.

टेलिप्रिंटरवर या दोन वेगळ्या कळा होत्या आणि दोन वेगळी कामं होती. सीआर म्हणजे छपाईचा गाडा परत डाव्या टोकाला नेणं. एलएफ म्हणजे कागदाचा रूळ एक ओळ वर सरकवणं. पलीकडून फक्त एलएफ आला तर मजकूर जिन्यासारखा उतरत जायचा: पहिली ओळ संपली तिथूनच खाली दुसरी सुरू. फक्त सीआर आला तर कागद जागचा हलत नसे, गाडा मागे जायचा आणि छापलेल्या ओळीवरच पुढची ओळ छापायचा. सगळा काळा पट्टा. बातमी वाचता येत नसे, मग ती परत मागवावी लागायची. तुमच्या पडद्यावर तेच झालं. उघडा कंस छापला, आकडा छापला, सीआरने गाडा डावीकडे नेला, आणि बंद कंस उघड्या कंसाच्या जागेवर छापला गेला. कागदावर दोन्ही एकावर एक दिसले असते. पडदा मागचं पुसून टाकतो, एवढाच फरक.

आधी सीआर आणि मग एलएफ हा क्रमही उगीच नाही. १९६३ साली आलेलं टेलिटाइपचं मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं छापायचं. गाडा उजव्या टोकापासून डावीकडे यायला एका अक्षरापेक्षा जास्त वेळ लागे. तो येईपर्यंत लगेच पुढचं अक्षर आलं तर ते वाटेतच, ओळीच्या मधेच कुठेतरी उमटायचं. म्हणून आधी गाडा सोडायचा आणि तो येत असताना कागद सरकवून घ्यायचा. वेळ वाया जात नाही.

पुढे यंत्र गेलं, खुणा राहिल्या. मल्टिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी ठरवलं की फाइलमध्ये ओळ संपल्याची एकच खूण पुरे, छापताना यंत्राला काय हवं ते ड्रायव्हर बघेल. युनिक्सने तेच उचलले आणि ते लिनक्सपर्यंत आलं. सीपी/एम या दुसऱ्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमने दोन्ही अक्षरं फाइलमध्येही ठेवली, ती डॉसमध्ये आली, तिथून विंडोजमध्ये. मॅकने नवव्या आवृत्तीपर्यंत एकटा सीआर वापरला आणि २००१ साली ओएस टेन आल्यावर एलएफ घेतला. ईमेल पाठवताना आणि वेबच्या जुन्या हेडरमध्ये प्रत्येक ओळ आजही सीआर-एलएफनेच संपवावी लागते. तुमच्या काट्यावर जो सीआर पडतोय तो त्या गाड्याचा आहे.

काटापावती
मंगळवार, सकाळी ८.१०

काका, मनापासून आभार. हे कुणीच कधी असं समोर मांडून सांगितलं नव्हतं. कंसाचं कोडं आत्ता खऱ्या अर्थाने सुटलं.

कडक_भाकरी
मंगळवार, दुपारी १.३५

रात्रपाळी, तुमच्या उपायाशी मी सहमत नाही. डॉस-टू-युनिक्स चालवून सगळ्या फाइली सरसकट एका मापाच्या करणं आम्हाला महागात पडलं आहे.

मी टॉवेलच्या कारखान्यात ऑर्डरचं काम बघते. ग्राहकांचे पत्ते एक्सेलमध्ये असतात. पत्ता शीटच्या एका घरात (सेलमध्ये) दोन-तीन ओळींत बसावा म्हणून लोक ऑल्ट धरून एंटर दाबतात. त्याने घराच्या आत एकटा एलएफ पडतो. ती शीट सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल, म्हणून साठवली की ओळ संपते तिथे सीआर-एलएफ आणि पत्त्याच्या आत, दुहेरी अवतरणचिन्हांमध्ये, एकटा एलएफ. म्हणजे मूळ फाइलमध्ये खरी ओळ आणि पत्त्यातली ओळ वेगवेगळ्या खुणांनी ओळखू येत होती. तुमची कमांड चालली की दोन्ही सारख्याच.

आमच्या आधीच्या प्रोग्रामरने तर फाइल वाचून एलएफवर तोडली होती. 'नवी पेठ' ही एक वेगळी ऑर्डर झाली आणि 'सोलापूर ४१३००१' ही आणखी एक. पार्सलच्या चिठ्ठ्या छापून झाल्यावर ते लक्षात आलं.

सीएसव्हीत अवतरणांच्या आत ओळतोड चालते, सीएसव्हीचं वर्णन करणाऱ्या २००५ सालच्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजात तसं लिहिलेलं आहे. त्यामुळे सीएसव्ही फाइल हाताने ओळींत तोडायचीच नाही. भाषेसोबत सीएसव्ही वाचणारं मॉड्यूल येतं, त्याला ती द्यायची, अवतरणं कुठे उघडी आहेत ते त्याला कळतं. पायथनमध्ये फाइल उघडताना न्यूलाइन समोर रिकामी अवतरणं द्यायची, म्हणजे पायथन मधे हात घालत नाही आणि सगळं मॉड्यूलवर सोपवतो.

लिहितानाही तसंच. पायथनचं सीएसव्ही मॉड्यूल प्रत्येक ओळीमागे स्वतःच सीआर-एलएफ टाकतं. विंडोजवर न्यूलाइन न देता फाइल उघडली की टेक्स्ट मोड त्यातल्या एलएफचा पुन्हा सीआर-एलएफ करतो. झालं सीआर-सीआर-एलएफ. एक्सेलमध्ये उघडलं की प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ. हे ज्यांनी पाहिलं नाही असा पायथनवाला विंडोजवर विरळा.

सर्व्हर_रात्रपाळी
मंगळवार, दुपारी २.०५

ताई, पटलं. पत्त्यातल्या ओळीचा विचार मी केला नव्हता. माझ्या हातात बहुतेक लॉग आणि स्क्रिप्ट येतात, त्यात हा प्रकार नसतो. माझा उपाय फक्त तेवढ्यापुरता धरा.

स्क्रिप्टचा विषय निघालाच आहे तर, विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट (कमांडची यादी असलेली फाइल) लिनक्सवर चालवली की 'बॅड इंटरप्रिटर' अशी तक्रार येते. पहिल्या ओळीत ती चालवणाऱ्या बॅश या प्रोग्रामचा पत्ता बरोबर दिसतो, पण त्याच्या शेपटीला सीआर असतो, आणि 'बॅश-सीआर' नावाचा प्रोग्राम सर्व्हरवर कुठेच नसतो. दोन-चार जण मिळून एकाच प्रकल्पावर काम करत असाल तर प्रत्येकाच्या संगणकावरच्या सेटिंगवर विसंबू नका. गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर गिटॲट्रिब्यूट्स ही त्याची नियमांची फाइल प्रकल्पातच ठेवा आणि तिच्यात लिहून टाका की शेल स्क्रिप्ट नेहमी एलएफ, बॅच फाइल नेहमी सीआर-एलएफ. नाहीतर कुणीतरी एक शब्द बदलतो आणि गिट दाखवतं की अख्खी फाइल बदलली.

ताणाबाणा
मंगळवार, रात्री ९.१५

काटापावती, तुमच्या बँकेच्या फाइलबद्दल लिहितो, कारण मूळ प्रश्न मागे पडतोय.

माझे वडील चादरीच्या जॅकार्ड मागावर होते. लहानपणी मी त्यांच्यासोबत कार्डांची माळ बघितली आहे. पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं एकाला एक शिवलेली, मागाच्या वरून खाली येणारी. एक कार्ड म्हणजे एक बाणा. कोणते ताण्याचे धागे उचलायचे ते त्या कार्डावरच्या भोकांनी ठरतं, बाणा जातो, माळ पुढे सरकते, पुढचं कार्ड समोर येतं. तिथे 'इथे ओळ संपली' असं कुठेच लिहावं लागत नाही. कार्ड संपलं की ओळ संपली. सगळी कार्डं एका मापाची, म्हणून खुणेची गरजच नाही.

संगणकाची जुनी ८० रकान्यांची पंचकार्डंही अशीच होती. बँकांच्या काही फाइली आजही त्याच पद्धतीने वाचल्या जातात: ठरलेले इतके बाइट म्हणजे एक नोंद, मग पुढचे तितके बाइट. तुमच्या बँकेचा प्रोग्राम बहुधा १२० अक्षरं अधिक सीआर-एलएफ अशा १२२ बाइटांच्या मापाने कापतोय. तुम्ही लिनक्सवर लिहिता, तिथे ओळीमागे एकटा एलएफ पडतो, म्हणजे १२१. पहिल्या नोंदीच्या कापात दुसऱ्या नोंदीचं पहिलं अक्षर गेलं. दुसरी एका घराने सरकली, तिसरी दोन घरांनी. माळेतलं एक भोक चुकावं आणि तिथून पुढे नक्षी तिरपी जात राहावी तसं. खाते क्रमांक आणि रक्कम यांची घरंच सरकली असती. फाइल नाकारली गेली हे फार चांगलं झालं.

उपाय: लिहिण्यासाठी फाइल उघडतानाच न्यूलाइन समोर सीआर-एलएफ सांगा आणि ओळीच्या शेवटी फक्त एलएफ लिहा. पायथन त्याचा सीआर-एलएफ करेल, मग प्रोग्राम लिनक्सवर चालो की विंडोजवर. फक्त हातानेही सीआर लिहू नका, नाहीतर ताई म्हणाल्या तसा सीआर दुप्पट होईल आणि माप १२३ वर जाईल.

जावावाल्यांनीही हे लक्षात ठेवावं. रीडलाइन तिन्ही प्रकार निमूट वाचते, पण प्रिंटएलएन ज्या संगणकावर चालते त्याचीच ओळतोड टाकते. विंडोजवर तपासलेला प्रोग्राम बँकेला चालतो आणि तोच लिनक्सवर टाकला की चालत नाही. कोडमध्ये एका अक्षराचाही बदल नसतो.

पहिलं_सेमिस्टर
मंगळवार, रात्री १०.३०

सर्वांना नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते, इंजिनिअरिंगला आहे. आम्हाला सी मध्ये फाइलमधून गावांची नावं वाचून शोधायचा प्रोग्राम दिलाय. एफगेट्सने ओळ वाचते आणि 'सोलापूर' शी तुलना करते. फाइलमध्ये नाव आहे तरी सापडत नाही. हाच सीआरचा प्रकार आहे का?

ताणाबाणा
मंगळवार, रात्री १०.५५

तोच आणि त्याशिवाय आणखी एक असू शकतो. एफगेट्स ओळीसोबत एलएफही देतो, तो काढायचं काम आपलं. फाइल विंडोजची आणि प्रोग्राम लिनक्सवर असेल तर सीआरही येतो. एसटीआर-सीस्पॅन या फंक्शनला सीआर आणि एलएफ दोन्ही द्या, त्यातलं जे पहिलं सापडेल त्या जागी शून्य ठेवा. दोन्ही नसतील तरी काही बिघडत नाही.

आता दुसरं. बफर, म्हणजे ओळ ज्यात वाचून ठेवतेस ती जागा, किती बाइटांचा घेतला आहेस?

पहिलं_सेमिस्टर
मंगळवार, रात्री ११.०२

२० चा दादा. सोलापूर चारच अक्षरं आहेत म्हणून.

ताणाबाणा
मंगळवार, रात्री ११.१८

तिथेच आहे. बोलताना चार अक्षरं, पण संगणकाला स, ओकार, ल, काना, प, दीर्घ ऊकार, र अशी सात दिसतात आणि यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येकाला ३ बाइट लागतात. म्हणजे २१, वर ओळतोड आणि शेवटचा शून्य. २० च्या बफरमध्ये एफगेट्स १९ बाइट भरतो: 'सोलापू' आणि र चा एक तृतीयांश. उरलेला र पुढच्या वेळी वेगळी ओळ असल्यासारखा येतो. बफर २५६ चा घे. आणि वाचलेल्या मजकुरात एलएफ सापडला नाही तर समज की एकतर ओळ अजून संपलेली नाही, नाहीतर फाइल संपली आहे.

काटापावती
बुधवार, दुपारी १२.४०

ताणाबाणा दादा, बँकेची फाइल आज सकाळी स्वीकारली गेली. माप १२२ च होतं. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

पण आज नवीनच काहीतरी समोर आलंय. शेतकी विभागाने एक्सेलमधून एक यादी पाठवली. ३० ओळी. प्रत्येक ओळीत लागवडीचा प्रकार आहे: 'ऊस, आडसाली', 'ऊस, सुरू', 'ऊस, खोडवा'. माझ्या प्रोग्रामने ती बाइट वाचून एलएफवर तोडली आणि तुकडे आले ६१. शेवटचा तुकडा म्हणजे नुसता एक शून्य बाइट. फाइल नोटपॅडमध्ये अगदी व्यवस्थित दिसते. आणि जास्तीचे तुकडे 'ऊस' या शब्दापाशीच तुटलेत. एवढ्या शब्दांत ऊसच का?

लिपीवेडा
बुधवार, दुपारी ३.२५

हा प्रश्न वाचून राहवलं नाही. यादी साठवताना 'युनिकोड टेक्स्ट' निवडलं असणार. एक्सेल तेव्हा यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीत लिहितं, त्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर २ बाइटांचं असतं.

आता 'ऊ' चा युनिकोड क्रमांक बघा: षोडशमान पद्धतीत ०९०ए. आणि एलएफ म्हणजे ०ए. यूटीएफ-१६ मध्ये, धाकटा बाइट आधी या क्रमाने, 'ऊस' असा साठवला जातो: ०ए ०९ ३८ ०९. शब्दाचा पहिलाच बाइट एलएफसारखा दिसतो. तुमचा प्रोग्राम अक्षरं ओळखण्याआधी बाइटांमध्ये ओळी शोधत होता, त्याला तिथे ओळ संपलेली दिसली. ३० ऊस आणि ३० खऱ्या ओळतोडी मिळून ६० जागी कापलं, तुकडे ६१. खरी ओळतोड इथे ०ए ०० अशी दोन बाइटांची असते, तिचा पहिला बाइट कापण्यात गेला आणि शून्य पुढच्या तुकड्याच्या डोक्यावर राहिला. शेवटी उरलेला तो एकटा शून्य तोच.

'ऍ' चा क्रमांक ०९०डी आहे आणि सीआर म्हणजे ०डी. म्हणजे आपल्या स्वरमालेत एक अक्षर एलएफ बाळगून आहे आणि एक सीआर.

फाइल नुसती वाचण्याऐवजी कुणी विंडोजवर जुन्या सी प्रोग्राममधून टेक्स्ट मोडमध्ये हेच बाइट लिहिले तर आणखी वाईट. तो प्रत्येक ०ए च्या आधी ०डी घुसडतो. ऊ च्या आधी एक बाइट वाढला की पुढच्या सगळ्या जोड्या एका बाइटाने सरकतात: ०९ आणि ३८ मिळून ३८०९ हे अक्षर तयार होतं, आणि ते चिनी लिपीच्या विभागात आहे. 'ऊस' च्या पुढे अचानक चिनी अक्षरं दिसली तर दोष फाँटचा नसतो.

यूटीएफ-८ मध्ये हे होऊच शकत नाही. तिथे देवनागरी अक्षराचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो, १० आणि १३ त्यात कधीच येत नाहीत. पण तिथेही एक खड्डा आहे आणि आपल्या जिल्ह्यातलं गाव त्यात बरोबर पडतं. 'अ' यूटीएफ-८ मध्ये ई० ए४ ८५ असा असतो. कुणी ती फाइल लॅटिन-१ (युरोपीय भाषांची जुनी, एका अक्षराला एकच बाइट देणारी पद्धत) समजून उघडली तर ८५ चा अर्थ होतो 'पुढची ओळ', तेही एक ओळतोडीचं अक्षर आहे, मोठ्या आयबीएम यंत्रांच्या काळातलं. मजकूर ओळींत तोडणारं पायथनचं स्प्लिटलाइन्स ते ओळखतं. मग 'अक्कलकोट' पहिल्या अक्षरातच तुटतं, आणि बार्शी, मोहोळ शाबूत राहतात. 'बँक' वाचेल, पण 'बॅग' तुटेल, कारण अर्धचंद्राचे बाइट ई० ए५ ८५ आहेत.

म्हणून क्रम उलटा करू नका. आधी एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत साठवण्याची पद्धत) ओळखा, बाइटांची अक्षरं करा, आणि मगच ओळी तोडा. फाइलच्या पहिल्या दोन बाइटांत एफएफ एफई दिसलं तर यूटीएफ-१६, पहिल्या तिनांत ईएफ बीबी बीएफ दिसलं तर यूटीएफ-८ ची खूण. ती खूणही काढून टाका, नाहीतर पहिल्या ओळीतल्या पहिल्या रकान्याला ती सीआरसारखीच चिकटते, फक्त दुसऱ्या टोकाने.

काटापावती
बुधवार, रात्री ११.५०

लिपीवेडा, हे वाचून मी उठून उभा राहिलो. ज्या शब्दावर अख्खा कारखाना चालतो त्याच्या पहिल्या अक्षरात एलएफ दडलेला आहे.

आज सगळं वाचन नव्याने लिहिलं. फाइल आली की पहिले बाइट बघतो, त्यावरून एन्कोडिंग ठरवतो आणि टेक्स्ट मोडमध्ये उघडतो. खराब बाइट सापडला तर त्या गावाचं नाव वेगळ्या यादीत टाकतो, त्यासाठी बायनरीत जायची गरजच नव्हती. आतमध्ये सगळीकडे फक्त एलएफ. बाहेर जाताना ज्याला जे हवं ते त्याच्या फाइलच्या उघडण्यात सांगतो: बँकेला सीआर-एलएफ, आमच्याच दुसऱ्या सर्व्हरला एलएफ. एक्सेलमधून येणारं सगळं सीएसव्ही मॉड्यूलमधून.

एक बारीक गोष्ट सांगतो, मी त्यात घसरलो होतो. ओळीचा शेवट साफ करायला मी आधी पायथनचं आरस्ट्रिप हे फंक्शन नुसतंच वापरलं. त्याने सीआर तर गेलाच, पण ओळीच्या शेवटचे टॅबही गेले. ज्या खेपेला जात नोंदवलेली नाही तिथे शेवटचा रकाना रिकामा असतो, तो रकानाच नाहीसा झाला. आरस्ट्रिपला सीआर आणि एलएफ एवढीच दोन अक्षरं नाव घेऊन सांगावी लागतात.

शुक्रवारच्या त्या ४११ ओळी आज परत चालवल्या, सगळ्या जुळल्या. त्या शेतकऱ्यांचं टनेज खात्यावर चढलं, बिलाच्या पंधरवड्यात बसलं.

पहिलं_सेमिस्टर
गुरुवार, सकाळी ९.०५

दादा, माझाही प्रोग्राम चालला, बफर आणि एलएफ दोन्ही होतं. एक शेवटचं विचारू का? सोलापूर जिल्ह्याचे तालुके एका फाइलमध्ये लिहिलेत, ११. पण डब्ल्यूसी या कमांडने ओळी मोजल्या तर १० येतात. आणि ती फाइल धाराशिवच्या तालुक्यांच्या फाइलला कॅटने जोडली तर मधे 'माळशिरसतुळजापूर' असा एक तालुका तयार झाला. तीनदा तपासलं, तालुके ११ च आहेत.

सर्व्हर_रात्रपाळी
गुरुवार, सकाळी ९.२२

डब्ल्यूसी ओळी मोजत नाही, एलएफ मोजतं. युनिक्समध्ये एलएफ दोन ओळींच्या मधे नसतो, तो प्रत्येक ओळीचा भाग असतो, शेवटच्या ओळीचाही. तुझ्या फाइलमध्ये माळशिरसनंतर एलएफ नाही, म्हणून ती ओळ त्याच्या हिशेबी पूर्णच झालेली नाही, आणि कॅटने तिला पुढचं नाव चिकटवलं. शेलमध्ये व्हाइल-रीडने वाचलीस तर माळशिरस गळूनच जाईल. काटापावतींच्या फाइलमध्ये ती एकटी ओळ जुळली होती, तिचंही हेच.

माळशिरसच्या पुढे एकदा एंटर दाब, साठव आणि परत मोज.

पहिलं_सेमिस्टर
गुरुवार, सकाळी ९.३०

११ आले. तुळजापूरही वेगळं झालं.